नाल्यात धुतलेला सांबार

यंदा थंडी जरा उशिरा आली, पण आली ती एकदम अंगावरच आली. सकाळी वाफ्यात हात घातला की कोपरापर्यंत दव लागतं. सांबार दाटून आलाय. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, हे लांबच्या वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. मागे माझ्या भाचीच्या सासरचे पाहुणे आले होते, त्यांना मी विचारलं, भाजीवर सांबार टाकू का, तर बिचारे घाबरून नको नको म्हणाले. असो. तर पहाटे विळा घेऊन वाफ्यात बसलं, पहिली मूठ कापली की तो वास उठतो. थंड, हिरवा, नाकात शिरून डोळ्यांपर्यंत जाणारा. लोकांना त्या वासाने भूक लागते. मला त्या वासाने एक कागद आठवतो.

कागद नंतर. आधी पाणी.

आम्ही माळ्याच्या बाया. अनसिंगच्या बाजाराला भाजी नेणं हे माझ्या सासूचं काम होतं, मग माझं झालं. भाजी पिकवणं निम्मं काम. निम्मं काम ती धुण्यात असतं, हे बाजारात घेणाऱ्याला कळत नाही. सांबाराच्या मुळ्यांना माती राहिली तर गिऱ्हाईक जुडी उचलतं आणि परत ठेवतं. म्हणून पहाटे जुड्या बांधायच्या, टोपल्यात रचायच्या आणि नाल्यावर न्यायच्या. जुडी पानांकडून धरायची, मुळ्या खाली, तीन वेळा बुडवायची आणि चौथ्या वेळी मनगटाला असा झटका द्यायचा की पाणी निथळतं आणि पानं फुलून उभी राहतात. सासूने हा झटका मला शिकवायला एक अख्खा हिवाळा घेतला. नाल्यावर तीन चपटे दगड होते. एक माझा, एक माझ्या धाकट्या जावेचा, सुभद्राचा, आणि एक शेजारच्या कमलाचा. दगड कोणी वाटून दिले नव्हते, पण दुसरीच्या दगडावर कोणी बसत नसे.

पौषातल्या पहाटेचं नाल्याचं पाणी म्हणजे सुया. बोटं आधी लाल होत, मग पांढरी, मग आपली राहत नसत. पैसे मोजताना नाणी निसटायची. आम्ही मधूनमधून हात काखेत घालून बसायचो आणि एकमेकींकडे बघून हसायचो.

मग वरच्या अंगाला सोयाबीनच्या तेलाचा कारखाना आला. पहिल्या हिवाळ्यात एका पहाटे मी जुडी बुडवली आणि हात तसाच पाण्यात ठेवला. पाणी कोमट होतं.

"वो बाई, पानी पाह्यलं काय?" सुभद्रा म्हणाली. तिचेही दोन्ही हात पाण्यातच होते.

कमला म्हणाली, "सरकारनं गॅस देला, कारखान्यानं गिझर देला. आता लेकीबाळीयचं न्हानं अठीच करू."

आम्ही तिघी पोट धरून हसलो. मला खरं सांगायला आज लाज वाटते, पण आम्ही त्या कारखान्याला दुवा दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाल्याने आमचे हात चावले नव्हते. त्या पाण्याला वास होता, कुटाराला, म्हणजे गुरांच्या भुशाला, पाणी लागून आंबल्यासारखा. वर फेस यायचा, पांढरा, नंतर पिवळट. आम्हाला दिसलं नाही असं म्हणू नका. दिसलं. फेस आम्ही हाताने बाजूला सारायचो आणि खालच्या पाण्यात जुडी बुडवायचो. दोन हिवाळ्यांनी नखांच्या कडा सोलायला लागल्या, आम्ही खोबरेल लावलं. सांबार दुपारपर्यंत टिकायचा तो अकरा वाजताच काळा पडू लागला, आम्ही त्यावर ओलं फडकं टाकलं. बेडूक कधी ओरडायचे बंद झाले ते तर आठवतही नाही. बेडकांकडे कोण लक्ष देतं.

आणि बाजारात गिऱ्हाईक विचारायचं, ताजा आहे का? मी म्हणायची, आत्ताच धुतलाय. खोटं नव्हतं ते. एक मास्तरीण दर बाजाराला यायची, कडेवर लेकरू असायचं. ते लेकरू जुडीतलं एक पान तोडून तोंडात घालायचं आणि आम्ही दोघी कौतुकाने बघायचो. त्या लेकराचं तोंड अजून डोळ्यासमोर येतं. त्याला काही झालं असं मी ऐकलं नाही. पण मी कधी विचारलंही नाही.

आता कागद.

त्या वर्षी संक्रांतीच्या दिवसांत देवराव घरी आला. देवराव आमच्याच गावचा, कारखान्यात बायामाणसांना कामावर लावण्याचं बघायचा. माझ्या माहेरच्या नात्याने मला मावशी म्हणायचा. चहा फुंकत फुंकत म्हणाला, "मावशी, कारखान्यात हळदी-कुंकू ठेवलं हाये. गावातल्या साऱ्या बाया आना. वान चांगलं हाये, स्टीलचा डबा, झाकनवाला."

मी म्हटलं, "देवराव, मालकाची बायको तं नागपुरात राह्यते. कुंकू लावनार कोन?"

"तुमीच लावा. तुमच्यावानी मोठं मानूस अजून कोन हाये?" मग जरा थांबून म्हणाला, "अन् एक कागद हाये. तुमाले वाचता येते, तुमी बायायले वाचून दाखवा. तुमी वाचलं का बाया इचारत नाहीत."

हे खरं होतं. मी शाळेत गेली नाही. माझा विनोद पहिलीत होता तेव्हा त्याच्या पाटीशेजारी बसून मी अक्षरं उचलली, तो दुसरीत गेला तेव्हा मीही गेली, असं म्हणा. पुढे सापडेल ते वाचलं, पुडीचा कागदसुद्धा. गावात कोणाला पत्र आलं, नोटीस आली, बचत गटाचा फॉर्म आला की बाया माझ्याकडे यायच्या. मी वाचलं म्हणजे झालं. त्याचा मला अभिमान होता. तो किती होता हे मला नंतर कळलं.

देवरावने समजावून सांगितलं. कायदा कडक होणार अशी बोलणी वर सुरू होती. परवानगी नसताना घाण पाणी सोडलं तर आजवर दंड भरून सुटता यायचं. आता पुन्हा पुन्हा सोडणाऱ्या मालकाला कैद आणि कारखान्याला कुलूप, असं कलम येणार होतं. ते येऊ नये म्हणून कारखानदारांची संघटना मुंबईला खटपट करून राहिली होती. मोठमोठे वकील होते, पुढाऱ्यांच्या भेटी होत्या. पण नुसत्या मालकांनी म्हणून भागत नाही, आसपासच्या लोकांनीही म्हणावं लागतं की आमची तक्रार नाही. म्हणून गावागावातून असे कागद गोळा करणं चाललं होतं.

"कुलूप लागलं तं आपला विनोद काट्यावरून घरी येईन, मावशी," देवराव सहज बोलला. विनोदला तेव्हा कारखान्याच्या वजनकाट्यावर लागून वर्ष झालं होतं. त्याचं लग्न त्याच नोकरीवर ठरलं होतं. देवराव धमकी देत नव्हता. चहाची बशी खाली ठेवताना म्हणाला तो, जसं कोणी म्हणावं की ढग आलेत, वाळवण उचला. मला ते तसंच लागलं.

हळदी-कुंकवाला कारखान्याच्या शेडमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. पन्नासेक बाया असतील. नव्या साड्यांचा वास, तिळाच्या लाडवांचा वास आणि सगळ्यावर तो आंबूस तेलकट वास. मी कुंकू लावत फिरली, अत्तर लावलं. ओटीत तीळगूळ आणि बोरं घातली. वाण हातात दिलं. आमच्याकडे हळदी-कुंकवाचं वाण परत करत नाहीत, आणि वाण घेतल्यावर लगेच उठूनही जात नाहीत. हे देवरावला ठाऊक होतं. डबे वाटून झाले आणि मग कागद आला.

सुभद्रा पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर डबा घेऊन.

मी वाचायला लागली. आम्ही खाली सह्या-अंगठे करणाऱ्या महिला. आमच्या भागात कारखान्यामुळे रोजगार आला आहे. नाल्याचे पाणी आम्ही रोज वापरतो, त्यात आमचा भाजीपाला धुतो. इथे कमला मोठ्याने म्हणाली, "गरम पानी हाये म्हना," आणि बाया हसल्या. मी डोळे पुढे नेले. पुढची ओळ अशी होती: आमच्या विहिरींना व जनावरांना या पाण्यापासून कोणताही त्रास नाही.

सुभद्राची विहीर नाल्याच्या काठाला आहे, आमच्या तिघींत सगळ्यात खालच्या अंगाला. त्या दिवाळीपासून ती मला दोनदा म्हणाली होती, बाई, पोहऱ्यावर तेलाचा तवंग येऊन राह्यला. तिची गाय ते पाणी तोंड लावून सोडून देत होती. ही ओळ मी वाचली असती तर ती तिथेच उठली असती. सुभद्रा गप्प बसणाऱ्यातली नाही. ती उठली असती म्हणजे मागच्या पन्नास बाया उठल्या असत्या.

ओळ सोडणं किती सोपं असतं, वाचणाऱ्यालाच माहीत. डोळे एका ओळीवर ठेवायचे आणि तोंड पुढच्या ओळीवर न्यायचं. श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. मी वाचलं, "तरी शिक्षा कडक करून कारखाने बंद पडतील असे करू नये ही विनंती."

सुभद्राने विचारलं, "झालं काय, बाई?"

मी म्हटलं, "झालं."

तिने डबा खाली ठेवला, पुढे येऊन शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर उमटवला. पहिला अंगठा तिचा.

उन्हाळ्यात देवराव पेढे घेऊन आला. कडक कलम मागे पडलं होतं. "आपला कागद वर पोचला, मावशी," तो म्हणाला. आपल्या एका कागदाने कायदा वाकला असं मला वाटत नाही, मी तेवढी भोळी नाही. पण माझ्यासारख्या किती नाल्यांवरच्या किती बायांनी किती ओळी सोडल्या असतील, असा विचार येतो आणि मग सगळ्या ओळी एकीखाली एक मांडल्या तर केवढा मोठा कागद होईल. पेढा मी खाल्ला. चांगला होता.

त्यानंतर कारखान्याला एकदा दंड झाला. भरला आणि पाणी पुन्हा सोडलं. पावसाळ्यानंतर सुभद्राची विहीर पूर्ण बिघडली. पाणी काळपट, बोट घातलं तर बोटाला चिकट. तिने भावाला सोबत घेऊन अर्ज दिला. प्रदूषण मंडळाचे एक साहेब आले, चांगला माणूस होता, दोन बाटल्या पाणी भरून घेतलं. मग विहिरीच्या काठावर बसून फाईल उघडली आणि म्हणाले, "बाई, पण तुम्हीच लिहून दिलंय की विहिरीला त्रास नाही. हा पहिला अंगठा तुमचा ना?"

आम्ही सगळ्या तिथे होतो. सुभद्राने अंगठ्याकडे पाहिलं. "आंगठा माहा हाये. पन असं मी कवा म्हनलं?" मग माझ्याकडे वळली. "बाई, तुमी वाचलं होतं. त्यात हे होतं काय?"

मला वाटतं माणसाच्या आयुष्यात दोन-तीनच वेळा असं होतं की सगळं जग एका जागी थांबून तुमच्या तोंडाकडे बघतं. विनोदची बायको तेव्हा पोटुशी होती.

मी म्हटलं, "मले याद नाई वो."

बस. पुढचं लोकांनीच केलं. कमला म्हणाली, ओळ मागून टाकली असन. सगळ्यांना ते पटलं. देवरावला भर चावडीवर शिव्या बसल्या, बायांचे अंगठे घेऊन वर खोटं लिहिलं म्हणून. बिचाऱ्याने ते केलं नव्हतं. त्याने बाकी पुष्कळ काही केलं, पण ते नाही. शिव्या खाताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. त्याने माझं नाव का घेतलं नाही, मला आजवर कळलं नाही. मावशी म्हणायचा, म्हणून असेल. की माझ्यासारखी वाचणारी पुन्हा लागेल म्हणून असेल.

सुभद्राच्या वाफ्यांत आता भाजी होत नाही. पावसाच्या भरवशावर तूर पेरते. पिण्याचं पाणी ती माझ्या विहिरीवरून नेते, कारण माझी विहीर नाल्यापासून लांब आहे. दोन वेळा येते. मी दोर धरते, ती कळशी लावते. भाजी धुणंही माझ्या विहिरीवरच करते मी आता. नाल्यावर जात नाही. लोकांना वाटतं मी काळजी घेते. आणि सुभद्रा दर वेळी म्हणते, "बाई, तुमचं लय उपकार हाये." हे ऐकत मी किती हिवाळे काढले, सांगत नाही.

मागच्या दिवाळीनंतर एके दुपारी ती कळशी न घेता आली. म्हणाली, "मले वाचाले शिकवा."

कमला तिथेच लसूण सोलत बसली होती. "आता कायले वो? कलेक्टर होतं काय?"

"कलेक्टर कायले होऊ? माह्या आंगठ्याच्या वर काय लिवलं हाये ते मले पाह्यचं हाये. दर वखती दुसऱ्याचं तोंड कायले पाहू?"

मी नाही म्हणू शकली नाही. नातवाची पाटी काढली. क, म, ल, न. कमलाचं नाव पहिलं यावं म्हणून मी ती अक्षरं आधी घेतली, तर कमला खूश. सुभद्राचं डोकं चांगलं आहे, हात मात्र कोळपणीचा; पाटीवर ती अक्षर काढत नाही, उकरते. रोज एक अक्षर. थंडी गेली, उन्हाळा गेला, पेरणीत खंड पडला, पुन्हा सुरू झालं. मी तिला वेलांटी शिकवली, रफार शिकवला. प्रत्येक अक्षर देताना मला कळत होतं मी काय देऊन राहिली. कधीकधी वाटायचं, 'ह' जरा उशिरा शिकवावा. शिकवला तरी. 'व' शिकवला. त्या दिवशी तिने आपल्या मनाने विहीर लिहिली, चुकलेली, आणि हसून मला दाखवली.

सांगता येत होतं मला. इतक्या दुपारी आम्ही दोघीच होतो. एक वाक्य होतं. मी दुरुस्त करून दिलं: वि ला पहिली, ही ला दुसरी.

गेल्या आठवड्यात ती प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. साहेबांनी तेव्हा दिलेली कागदाची नक्कल तिने तुरीच्या कोठीत ठेवली होती. माझ्यासमोर मांडी घालून बसली, बोट ठेवलं आणि वाचायला लागली. मी सांबार निवडत होती, निवडत राहिली. तिला वेळ लागत होता. आम्ही. खाली. सह्या. मधे कुत्रं आलं, तिने हाकललं आणि पुन्हा जागा शोधली. नाल्याचे पाणी आम्ही रोज वापरतो. इथे ती थांबली, म्हणाली, "अठी कमला बोल्ली होती. बाया हासल्या होत्या."

मी म्हटलं, "हो."

पुढची ओळ तिने दोनदा वाचली. एकदा अक्षरांनी, एकदा सरळ. मग बोट तिथेच ठेवून म्हणाली, "हासून झाल्यावर तुमी एकदम शिक्षेचं वाचलं. मले चांगलं याद हाये, का मी मनात म्हनलं, एवढ्यात संपलं पन. ही ओळ तवा अठीच होती काय?"

"अठीच होती."

"तुमी नाई वाचली."

"नाई."

"काहून?"

"विनोद काट्यावर होता."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा शिव्या देईल. शिव्यांची मी वाट पाहत होती म्हणा. तिने कागद घडी करून पिशवीत घातला आणि गेली. संध्याकाळी पाण्याला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तिच्या दारात कळशी भरून ठेवली, ती तशीच होती. तिसऱ्या दिवशी तिच्या तुरीला कोणाच्या विहिरीचं पाणी लागत नाही पण तिला लागतं, हे आठवून मी दोर धरून बसून राहिली. ती आली. कळशी नव्हती. कोरा कागद होता.

"लिवा," ती म्हणाली. "साहेबाले."

रात्री नको म्हणून दुपारीच विनोदला बोलावून सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. तो अजून त्याच काट्यावर आहे. बराच वेळ चप्पल पायात घालत-काढत बसला. मग म्हणाला, "एक महिना थांबते काय काकू? मी वाशीमले दुसरं पाह्यतो." मी सुभद्राला विचारलं. ती म्हणाली, "माही विहीर थांबली काय?" विनोद म्हणाला, मंग लिव्ह, आई.

मी अर्ज लिहिला. सुवाच्य लिहिला. वाटलं, सुभद्रा सही करेल, आता तिला सही येते. पण तिने पेन घेतलं नाही. कागद गुडघ्यावर ठेवला, बोट ठेवलं आणि पहिल्या शब्दापासून सुरू केलं. मी लिहिलं होतं, सदर कागद वाचताना माझ्याकडून काही मजकूर राहून गेला. ती तिथे अडली.

"काही मजकूर म्हंजे?"

"ते आपलं... ती ओळ."

"मंग ओळ लिवा. कोनती ते लिवा. अन् राहून गेला कसा? तुमी सोडला."

मी खोडलं. खोडून लिहिलं की ही ओळ मी मुद्दाम वाचली नाही, कारण ती वाचली असती तर माझ्या जावेने अंगठा दिला नसता. तिने ते वाक्य सुरुवातीपासून वाचलं. जोडाक्षरांवर थांबली, मागे गेली, पुन्हा आली. अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं. वाक्य संपल्यावर ती पुन्हा एका शब्दावर गेली आणि बोटाने त्यावर टकटक केलं.

"हे 'मुद्दाम' बारीक आलं हाये," ती म्हणाली. "मोठं काढा. साहेबाले चष्मा हाये."

मी पेन घेतलं आणि तो शब्द गिरवू लागली.